सोड्याच्या बादलीतला पांढरा शर्ट

माझे वडील दुकानातून घरी आले की आम्ही दोघी बहिणी त्यांच्याकडे धावायचो, आणि ते दोन्ही हात खांद्याइतके वर उचलून एक पाऊल मागे सरायचे. "लांब राहा. आधी बादली," म्हणायचे. शेजारच्या घरातले बाप पोरांना उचलून घेताना मी बघत होते, पण बाबांच्या या मागे सरण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्याचा आपल्यावर जीव असतो तो आधी हात वर करतो, असंच मी बरीच वर्षं धरून चालले होते.

बाबांचं बॅटरीचं दुकान होतं. आमची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली तेव्हा त्यांनी एका गॅरेजमध्ये राहून हे काम शिकून घेतलं आणि सुकापूरच्या कडेला, रस्त्याला लागून, पत्र्याची एक शेड टाकली. रिक्षा, टेम्पो, द्रोणागिरीच्या गोदामांकडे जाणारे मोठे ट्रेलर, सगळ्यांच्या बॅटऱ्या तिथे यायच्या. कुणाची चार्जिंगला लावायची, कुणाच्या टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने काढायची, कुणाचा सेल बसलेला, म्हणजे कायमचा निकामी झालेला असला तर तसं स्पष्ट सांगायचं. जड बॅटरी उचलताना ती पोटाशी धरावी लागते. त्यामुळे बाबांच्या शर्टांना पोटापाशी बारीक बारीक भोकं असायची आणि पँटना मांडीवर. गावातली माणसं चेष्टा करायची, "काय हो, शर्टाला खिडक्या ठेवल्यात?" बाबा म्हणायचे, "हवा खेळती राहते. तुमी पन ठेवा."

ॲसिडची लबाडी अशी, की थेंब पडतो तेव्हा काहीच दिसत नाही. थोडं ओलं दिसतं, मग तेही वाळतं. माणूस म्हणतो, चला, वाचलो. पण वाळताना त्यातलं फक्त पाणी उडून जातं, ॲसिड तिथेच बसून राहतं आणि उलट जास्त जोरकस होतं. कापड आतल्या आत कुजतं आणि पुढच्या धुण्याला हातात भोक येतं. टेरिकॉट जरा दम धरतं. सुती कापडाला तेवढा धीर नसतो.

म्हणून मागच्या दारी, मोरीशेजारी आईची हिरवी बादली असायची. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि ढवळायला एक काठी. बाबांचे कपडे आधी त्या बादलीत जायचे, मग चांगल्या पाण्यात खळबळायचे, आणि त्यानंतरच साबणाला लागायचे. घरातल्या इतर कपड्यांशी त्यांची गाठ पडता कामा नये, हा आमच्याकडचा सोवळ्याओवळ्याचा एकमेव नियम होता. एकदा आत्या राहायला आली आणि मदत म्हणून तिने सगळ्यांचे कपडे एकत्र भिजवले. माझा शाळेचा निळा फ्रॉक गोवर आल्यासारखा झाला. आईने प्रत्येक भोकाला रफू केलं आणि आत्याला चहा देताना एवढंच म्हणाली, "तुमी पावन्या हाव. पावन्यासारख्या बसा."

आईच्या मते जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या होत्या. काही "खातात" आणि काही "शांत करतात". चिंच खाते, म्हणून तांब्याच्या हंड्यावर चिंच चोळली की काळपट थर निघून जातो. कोकम खातं, लिंबू खातं, बॅटरीचं पाणी तर सगळ्यांचा बाप. उलट सोडा शांत करतो, चुना शांत करतो, चुलीतली राखही. बाबांनी अंगणात बॅटरी ठेवली आणि फरशीवर थेंब सांडला, तर आई मूठभर सोडा टाकायची. फसफस व्हायचं आणि मग थांबायचं. "झालं शांत," म्हणायची आणि वर पाणी ओतायची.

पण शांत करणाऱ्याचाही अतिरेक चालत नाही, हेही तिला ठाऊक होतं. बादलीत रोज हात घालून तिची बोटं बुळबुळीत व्हायची, मग कोरडी पडून चिरा जायच्या. म्हणून बादलीचं काम संपलं की ती स्वयंपाकात वापरून झालेली लिंबाची साल घ्यायची आणि तळहातावर चोळायची. मोरीच्या कठड्यावर तिच्यासाठी एक तरी साल पडलेली असायचीच. मला वाटायचं, हाताला वास चांगला यावा म्हणून ती असं करते.

याचा उलगडा मला कॉलेजात झाला. पनवेलच्या कॉलेजात मी बी. एस्सी.ला गेले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ताईला शिकायचं होतं, पण दहावीनंतर ती शिवणाकडे वळली आणि माझी पहिली वह्या-पुस्तकं तिच्या मशीनच्या कमाईवर आली, हे मी विसरू शकत नाही. पहिल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी बाबांनी माझा नवा पांढरा कोट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"तिथं पन ॲसिड हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. तुमच्या दुकानातलंच. सल्फ्युरिक."

"मंग बाटली पोटाशी धरू नको," ते गंभीरपणे म्हणाले. "आनि पान्यात ॲसिड घालायचं. ॲसिडात पानी नाय. तोंडावर उडतं."

पहिल्या तासाला बाईंनी वर्गाला नेमकं हेच सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. वर्षअखेरीस वर्गातल्या बहुतेक कोटांना भोकं पडली होती. माझा कोट शाबूत राहिला. त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, लहानपणापासूनच्या सवयीला होतं.

टायट्रेशन शिकले त्या दिवशी मी घरी येऊन आईच्या मागे लागले. चंचुपात्रात सोड्याचं पाणी असतं, त्यात रंगाचा एक थेंब टाकला की ते गुलाबी होतं, मग वरून ॲसिड थेंब थेंब सोडायचं, आणि एक थेंब असा येतो की सगळा गुलाबी रंग एकदम नाहीसा होतो, असं सगळं तिला हातवारे करून सांगितलं. "आई, तू रोज हेच करतेस! ही बादली म्हणजे टायट्रेशनच आहे. आणि लिंबाची साल लावतेस ना, तेही तेच, फक्त उलट्या बाजूने!"

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. आता ती बादली उचल आनि तिकडं ओत."

पुढच्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. मुलगा उरणकडचा, त्याचं घर मिठागराच्या बाजूला, वडील मिठागरातच कामाला. साखरपुड्याला ताईच्या होणाऱ्या सासूबाईंनी बाबांसाठी शर्टाचं कापड आणलं. पांढरंशुभ्र, अस्सल सुती, हातात घेतलं की गार लागणारं. त्या बाई मोठ्या आवाजाच्या, हसऱ्या आणि कुणाचं ऐकून न घेणाऱ्या होत्या. कापड बाबांच्या हातात देऊन म्हणाल्या, "व्याही, हलद घेऊन आमी येनार, तवा हाच घालायचा. आनि पाठवणीला पन हाच. मी बघनार."

आमच्याकडे नवऱ्या मुलाला लावलेली हळद त्याच्या घरच्या बायका नवरीकडे घेऊन येतात. तिला उष्टी हळद म्हणतात. त्या आल्या की नवरीसोबत तिच्या आईबापांनाही हळद लागते, थट्टामस्करी होते. त्या वेळी बाबांनी तो शर्ट घालून दारात उभं राहायचं, असं ठरलं.

शर्ट शिंप्याकडून आला त्या संध्याकाळी बाबांनी तो आरशासमोर अंगाला लावून पाहिला. आई पलीकडे तांदूळ निवडत होती आणि मी तिच्या शेजारी होते. बाबा आरशाकडे बघूनच बोलले, "आपल्या लग्नानंतर माझ्या अंगावर साबूत शर्ट किती येळा बघितलास?"

"का? मी रफू करत नाय?"

"तसं नाय गो. त्यांच्याकडची मान्सं येतील. एक दिवस मला भोकाबिगर उभं राहायचंय. आनि पोरगी निघंल तवा तिला जवळ घेईन. हात वर न करता."

आईने मान वर केली नाही. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत राहिली. तो शर्ट तिने ताईच्या शालूबरोबर ट्रंकेत ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

हळदीच्या दिवशी दुकान अर्थातच बंद होतं. दारात मांडव होता, अंगणात बायका वडे थापत होत्या, पिंपातलं पाणी डोळ्यांदेखत खाली चाललं होतं आणि टँकर अजून यायचा होता. दुपार कलल्यावर आईने बाबांना शर्ट काढून दिला. त्यांनी अंघोळ करून घातला, वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं, आणि मांडवात एका खुर्चीवर पाठ न टेकता बसले.

इतक्यात रस्त्याच्या बाजूने एक मासळीवाले चाचा चालत आले. उरणच्या बंदरावरून बर्फात भरलेली मासळी पनवेलच्या बाजारात आणण्याचा त्यांचा धंदा. टेम्पो जुना आणि बॅटरी त्याहून जुनी, त्यामुळे बाबांच्या दुकानात त्यांचं येणं नेहमीचंच. मांडव बघताच ते थबकले आणि वळले.

बाबांनीच हाक मारली. "चाचा! का परतलाव?"

"काही नाही भाई. तुमच्या घरी शादी. मुबारक. मी दुसरीकडे बघतो."

"गाडी कुठं हाय?"

"तुमच्या दुकानासमोरच बंद पडली. सेल्फच मारत नाही. बर्फ वितळतोय." आणि लगेच हात हलवून, "पण तुम्ही बसा भाई. खुदा कसम, मला माहीत असतं तर आलोच नसतो."

बाबा उठले. आईने आतून पाहिलं आणि पिठाने भरलेला हात तसाच घेऊन बाहेर आली. "कुठं?"

"नुसतं टर्मिनल बघतो. ढिली असंल. एक मिनिट."

"शर्ट काढून जा."

"उघडा जाऊ? आज? पावन्यांनी रस्त्यात बघितलं तर?" असं म्हणून त्यांनी खुंटीवरचा जाड टॉवेल पोटाला गुंडाळला आणि ते चाचांबरोबर निघाले. आई म्हणाली, "बॅटरी उचलायची नाय!" ते हात हलवत पुढे गेले.

टर्मिनल ढिली नव्हती. सेल बसला होता. बाबांनी दुकान उघडून आपली एक चार्ज केलेली बॅटरी काढली, टेम्पोत बसवली आणि जुनी ठेवून घेतली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा इतकंच दिसलं, की टेम्पो भोंगा वाजवत बाजाराकडे गेला आणि बाबा टॉवेल झटकत मांडवात आले. शर्ट पांढराशुभ्र. कुठे डाग नाही, ओल नाही.

"बघ," ते आईला म्हणाले, "काय पन झालं नाय."

ताई पिवळी साडी नेसून आतून आली होती. बाबांची कॉलर एका बाजूला दुमडली होती, ती नीट करायला ती पुढे झाली. आणि बाबांनी दोन्ही हात खांद्याइतके वर उचलले आणि एक पाऊल मागे सरले.

बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ताईचा हात हवेतच राहिला. मग आईने शांतपणे विचारलं, "कुठं उडलं?"

"काय की," बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "उचलताना डुचमळली. बाहीवर असंल. नायतर पाठीवर."

"काढा."

लांबून ताशाचा आवाज ऐकू येत होता. खांदा कॉलनीच्या बाजूने वरातीसारखं काहीतरी येत होतं, आणि ते आमचेच पाहुणे होते. आईने शर्ट बादलीत बुडवला. थेंब नेमका कुठे आहे ते शोधत बसायला सवड नव्हती, म्हणून मूठभर सोडा जास्तच घातला. उजव्या बाहीच्या कोपराखाली क्षणभर बारीक बुडबुडे आल्यासारखे मला दिसले. मी बोट दाखवलं. "तिथंच," आई म्हणाली आणि ती जागा तिने दोन्ही हातांनी दाबून धरली, खरचटलेला गुडघा दाबून धरावा तशी.

मग शर्ट पिळला. खळबळायला पाणी पाहिजे होतं. पिंपात जेवढं होतं त्यावर भात शिजायचा होता. मी पिंपात डोकावले, आईने माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "सोडा काय खात नाय. इस्त्री कर."

मी इस्त्री केली. ओल्या कापडातून वाफ येत होती आणि ते इस्त्रीखाली कडक होत चाललं होतं, खळ दिल्यासारखं. आई खूश झाली. "बरा ताठ झाला," म्हणाली. बाबांनी गरम शर्ट अंगात घातला, मान जराशी हलवली आणि म्हणाले, "गळ्याला खाजतंय."

"खाजू दे," आई म्हणाली. "नीट उभे राहा."

पाहुण्या बायका आल्या. ताशा थांबला. सासूबाईंच्या हातात हळदीची वाटी होती. त्यांनी आधी ताईला हळद लावली, मग आईला, आणि मग बाबांकडे वळल्या. बाबा दारात ताठ उभे होते. त्यांना वरपासून खालपर्यंत बघून बाई म्हणाल्या, "वा! नवरदेव कोन हाय तेच कलंना!" सगळ्या हसल्या. बाबा लाजले आणि गाल पुढे केला. पण गालाला एक बोट लावून थांबणाऱ्या त्या बाई नव्हत्या. त्यांनी दोन्ही पंजे वाटीत बुडवले आणि एक बाबांच्या छातीवर, एक पाठीवर असे फाडकन उमटवले. "घ्या! आता सुटका नाय."

हळदीचे ओले, पिवळे, लखलखीत पंजे. आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते लाल होत गेले. आधी कडा, मग बोटं, मग तळवा. कुंकवाचा नाही, वाळत आलेल्या रक्ताचा असतो तसा लाल.

हसणं एकदम थांबलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, ही हलद हाय का काय हाय?" दुसरीने तिला कोपराने ढोसलं. सासूबाई स्वतःच्या तळहाताकडे बघत होत्या. तो पिवळाच होता. पुन्हा त्यांनी शर्टाकडे पाहिलं. ताईचं तोंड उतरलं. आपल्या लग्नाच्या हळदीला रक्ताचा रंग चढलाय, एवढंच तिला दिसत होतं.

मला मात्र चंचुपात्र आठवलं. सोडा राहिला होता. आम्ही शर्ट खळबळला नव्हता. मी आईकडे वळले, पण आई तिथे नव्हती. ती मोरीकडे गेली होती. तिला कारण माझ्याइतकं ठाऊक नव्हतं, पण सोडा जास्त झाला की काय लावायचं हे तिच्या हातांना पाठ होतं. सरबतासाठी कापलेल्या लिंबांतलं एक घेऊन ती आली आणि लगबगीने बाबांच्या छातीकडे हात नेऊ लागली. मी तिचा हात धरला.

"त्यांना दे," मी म्हणाले. "ज्यांनी लावलंय त्यांनाच करू दे."

मी लिंबाची फोड सासूबाईंच्या हातात ठेवली. "मावशी, पिळा. तुमीच पिळा."

त्यांनी संशयाने पाहिलं आणि पिळलं. जिथे रस पडला तिथे लाल रंग मागे हटला आणि खाली पिवळी हळद, जशी होती तशी, वर आली. त्यांनी पुन्हा पिळलं. एक बोट पिवळं झालं, मग दुसरं. "अगो!" म्हातारी पुढे सरसावली. "मना दे, मना दे." पाठीवरचा पंजा तिने घेतला.

"सोड्याने हळद लाल होते, लिंबाने परत पिवळी," मी म्हणाले. "हळद तीच आहे. तिला काही झालेलं नाही."

"आनि शर्टात सोडा कशाला?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न मला होता, पण नजर बाबांवर.

आता खरं सांगणं भाग होतं, आणि ते बाबांनीच सांगायला हवं होतं. ते गळ्याला खाजवत उभे होते. तुमचा शर्ट घालून एक तासही झाला नसेल तोवर मी दुकानात गेलो, बॅटरी उचलली, ॲसिड उडालं, म्हणून तो सोड्यात घातला, हे सगळं त्यांनी खाली बघून, तुटक तुटक सांगितलं. "मासळी वाया गेली असती," शेवटी ते म्हणाले. "राहवलं नाय. तुमच्या कापडाचा मान ठेवला नाय मी."

बाईंनी लिंबाची साल खाली टाकली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकून घ्यावे लागणार. त्या म्हणाल्या, "हलदीच्या दिवशी बॅटरी! माज्या पोराला पन आहेरात बॅटरीच द्या, म्हंजे चालू तरी राहील." आणि मांडवात हशा पिकला. मग त्या बाबांच्या जवळ जाऊन, त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरच्या मान्साचे पाय बगा कदी. मिठानं खाल्लेत. लग्नाला बूट घातले तरी चालन्यावरून कलतं. काम करनाऱ्याच्या अंगावर कामाची खून राहनारच. तुमी काय मान खाली घालताव? पन उद्या पाठवणीला हाच शर्ट. धुवायचा नाय. माजा हात हाय त्याच्यावर."

त्यानंतर बायकांना खेळच मिळाला. उरलेल्या सोड्यावर जिथे जिथे हळद लागे तिथे लाल उमटे, आणि मग कुणीतरी लिंबू घेऊन धावे. बाबा मधोमध उभे होते, दोन्ही हात बाजूला सोडून, आणि कुणी हळद लावली तर लावू देत होते. सरबताला लिंबं कमी पडली. आईने साखरेचं पाणीच वाटलं आणि कुणी तक्रार केली नाही.

आता मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा दर्शक म्हणजे काय, हे शिकवताना पांढऱ्या सुती रुमालावर हळदीचा पंजा उमटवून दाखवते. मुलं खूश होतात. तो पंजा कुणाचा, हे त्यांना सांगत नाही, कारण मग तास पुरत नाही.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली आणि पाठवणीची वेळ आली. बाबांनी तोच शर्ट घातला होता. छातीवर पिवळा पंजा, पाठीवर पिवळा पंजा. उजव्या बाहीच्या कोपराखाली सकाळी डाळीएवढं एक भोक निघालं होतं. सोडा घालायच्या आधीच तेवढं कापड गेलं होतं. आईने सुई-दोरा काढला, पण बाबांनी तिला थांबवलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडून घेतली. भोक दुमडीत गेलं.

ताई सगळ्यांच्या पाया पडली आणि शेवटी बाबांसमोर उभी राहिली. बाबांचे हात आपोआप वर गेले. खांद्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती म्हणाली, "बाबा, बादलीत जाऊन आलाव ना?"

"आलो," बाबा म्हणाले. आणि तिला जवळ घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं. तिचा गाल छातीवरच्या पंजावर टेकला होता. ती बाजूला झाली तेव्हा तिच्या गालाला थोडी हळद लागलेली होती. सासूबाई पुढे आल्या, पदराने पुसायला गेल्या, आणि न पुसताच पदर खाली सोडला.